काकू निवृत्त झाल्या त्या बेटावर

ओळख पटू नये म्हणून या नोंदीत कुणाचं नाव घेतलेलं नाही आणि काही तपशील बदलले आहेत. निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, दोघांनीही लिहायला परवानगी दिली. काकू तर म्हणाल्या, "लिहाच. आमच्यासारख्या लई जणी असतील."

मी लातुरात ज्येष्ठांसोबत समुपदेशनाचं काम करते. नोकरीतून मोकळं झालेलं जोडपं समोर बसलं की एक प्रश्न हमखास निघतो: मुलाकडे कायमचं जायचं का? मुलगा बहुतेक वेळा पुण्याला, हैदराबादला किंवा बंगळुरूला असतो. या प्रकरणात तो पोर्ट ब्लेअरला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये शहराचं नाव श्रीविजयपुरम झालं, पण घरात सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. बेट, समुद्र, नारळ यांमुळे हे प्रकरण वेगळं वाटेल. मला मात्र ते आपल्याकडच्या कितीतरी घरांचं वाटतं, आणि म्हणूनच ते सविस्तर मांडावंसं वाटलं.

घर आणि माणसं

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. औसा तालुक्यात राहतं घर आणि सहा एकर कोरडवाहू जमीन. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा आणि ज्वारी. दारात एक म्हैस. मुलगी सोलापूरला दिलेली. मुलगा केंद्र सरकारच्या एका खात्यात असून बदलीवर अंदमानला गेलेला. सून तिथल्या एका शाळेत शिकवते. नातू दुसरीत.

माझी ओळख आधी गुरुजींशी झाली. फेटा, शाल, श्रीफळ, भाषणं असा रीतसर निरोप समारंभ झाला आणि त्यानंतर वर्षभरात त्यांची झोप गेली. सकाळी दहा वाजले की ते कपडे करून ओसरीवर बसायचे, पण जायचं कुठे हेच नसायचं. चिडचिड वाढली, पेपरातल्या बातमीवरून जावयाशी वाद घालण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. हळूहळू ते सावरले, पण घरात सगळ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: जपायचं ते अण्णांना. पुढचे सगळे बेत त्यांच्याच भोवती आखले गेले. बेटावर जाण्याचाही. "अण्णांना हवापालट होईल, नातवात रमतील," असं मुलाचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

काकूंचा दिवस कसा जातो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मी तो नंतर विचारून लिहून काढला. पाचला उठून म्हशीची धार काढायची, दूध डेअरीला घालायचं. शेतात खुरपण असेल तर आदल्या संध्याकाळीच वस्तीवर जाऊन बायका सांगून यायच्या. त्यांचा रोजगार काकूच चुकता करायच्या आणि हिशोबाची वही त्यांच्याच ट्रंकेत असायची. दुपारी भिशीच्या बायका. फाल्गुन लागला की कुरडया, पापड, शेवया, आणि त्यातही चीक शिजला की नाही हे बघायला चार घरची पोरगी काकूंना बोलवायला येणार. गल्लीत कुणी बाळंतीण असली की डिंकाचे लाडू यांच्याच हातचे. रेशनकार्डावर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलेलं आहे.

दिवाळी, आणि दिवाळी सरल्यावर

२०२४ च्या दिवाळीला सगळं खटलं बेटावर गेलं. मुलगी, जावई, त्यांची दोन मुलं, गुरुजी आणि काकू. हैदराबाद गाठून तिथून विमान. निदान हिवाळाभर राहायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे म्हैस विकली होती आणि शेत रब्बीपुरतं ठोक्यानं दिलं होतं.

ते दिवस आनंदाचेच होते, काकूही तसंच सांगतात. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं, मग फिरणं. सेल्युलर जेलमध्ये गुरुजी बराच वेळ थांबले. मुळच्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. १९११ मध्ये सावरकरांना तिथं आणलं होतं हे त्यांनी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आता ती कोठडी डोळ्यांनी पाहत होते. बोटीतून स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाऊन आले. नातवंडं दिवसभर पाण्यात. मुंबई-पुण्याच्या सहलींचे जथे, बाजारात मराठी कानावर पडायची. रात्री जेवताना गुरुजी म्हणाले, "आता इथंच राहू. तिकडं काय ठेवलंय?" सगळ्यांनी होकार दिला. काकूही हसल्या. हो म्हणाल्या की नाही, हे आज कुणालाच नक्की आठवत नाही.

भाऊबीज करून मुलगी परतली. शाळा-कचेऱ्या सुरू झाल्या.

बेटावरचा रोजचा दिवस कसा असतो हे इथं सांगायला हवं, कारण सुट्टीत तो दिसत नाही. घड्याळ आपलंच, पण बेट लातूरच्या कितीतरी पूर्वेला, त्यामुळे सूर्य तासभर आधी चालतो. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास तो उगवलेला असतो आणि संध्याकाळी पाचच्या आसपास मावळतो. औशात त्या वेळेला बायका दळण घेऊन गिरणीवर निघतात, शेतातून माणसं परततात, ओसरीवर गप्पा रंगतात. तिथं दिवे लागून दारं बंद. हवा बारा महिने दमट. हिवाळा असा नाहीच, रात्रीसुद्धा पारा सहसा २२-२३ अंशांच्या खाली उतरत नाही. स्वेटर घडी घालून नेला होता तो तसाच राहिला आणि त्याला बुरशीचा वास येऊ लागला. कांदा-बटाटा आणि बराच किराणा चेन्नई-कोलकात्याहून जहाजानं येतो. समुद्र खवळला की जहाज लांबतं आणि भाव चढतात.

सातच्या आत सून आणि नातू घराबाहेर पडत. साडेआठला मुलगा. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. ओसरी नाही, अंगण नाही, येणारं-जाणारं कुणी नाही.

गुरुजींचं मात्र महिनाभरात बस्तान बसलं. पहाटे समुद्राकाठी फिरायला जाणारी चार निवृत्त माणसं भेटली, त्यात एक बंगाली, एक तमिळ. बेटावर सगळ्यांना बांधणारी भाषा हिंदी, आणि गुरुजींची हिंदी चांगली. अंधार लवकर पडत असल्यामुळे पोरं लवकर घरात यायची. कॉलनीतल्या एकीनं विचारलं, माझ्या मुलाचं गणित घ्याल का? थोड्याच दिवसांत हॉलमध्ये आठ-दहा पोरांचा वर्ग भरू लागला. हयातीच्या दाखल्याची काळजी होती, दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन यादीवर सही करायची सवय. मुलानं मोबाइलवर चेहरा दाखवून जीवनप्रमाण काढून दिलं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सोयीनं घरबसल्या काम झालं. गुरुजींनी मला फोन करून सांगितलं, "आता लातूरला यायचं कारणच उरलं नाही बघा."

भाकरी

काकूंचं बिनसलंय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते भाकरीवरून. बेटावर ज्वारीचं पीठ सहजासहजी मिळत नाही म्हणून जाताना घरच्या ज्वारीचं दळण डबे भरून नेलं होतं. त्या हवेत पंधरा-वीस दिवसांतच पिठाची विरी गेली. काकूंनी आधणाच्या पाण्यात मळून पाहिलं, मुठीनं जास्त रगडून पाहिलं. भाकरी थापताना कडेनं चिरा पडायच्या, उचलताना तळहातावरच तुटायची. तव्यावर टाकली तर पाणी फिरवेपर्यंत दोन तुकडे. एके दिवशी त्यांनी परातीतला गोळा तसाच झाकून ठेवला आणि पुन्हा भाकरी केली नाही. सुनेनं पोळ्या केल्या. नंतर रोज तीच करू लागली.

इथं सुनेबद्दल नीट लिहायला हवं, कारण अशा गोष्टींत सुनेला दोष देऊन मोकळं होणं फार सोपं असतं. ती मनानं चांगली मुलगी आहे. माहेर परभणीचं, आईचे हाल तिनं पाहिलेले. सासूनं आयुष्यभर राबलं, आता तरी आराम करावा, असं तिला मनापासून वाटायचं. पहाटे चारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ती शाळेत जायची आणि काकू ओट्याकडे आल्या की म्हणायची, "आई, तुम्ही बसा." भांडी घासायला बाई होती. कपडे मशीन धुवायचं. बाजार मुलगा येताना करून यायचा.

काकू बसल्या. बसून बसून दिवसा झोपू लागल्या आणि रात्री जाग्या राहू लागल्या. गुरुजींचा वर्ग हॉलमध्ये भरायचा म्हणून संध्याकाळी त्यांना आतल्या खोलीत जावं लागायचं. भिशीच्या बायका व्हिडिओ कॉल करायच्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून बेटावर नेट चांगलं चालतं, चेहरे स्पष्ट दिसायचे. "काकू, काय करलालाव?" असं सगळ्याजणी एकदम विचारायच्या. या प्रश्नाला काय सांगावं ते काकूंना सुचायचं नाही. पुढे त्यांनी कॉल घेणं कमी केलं.

३० डिसेंबरला वेळ अमावस्या होती. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांना तिची ओळख नसेल म्हणून थोडं सांगते. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे गाव ओस पडतं, लातूर शहरातल्या पेठासुद्धा सुनसान होतात, कारण सगळे शेतात असतात. कडब्याची कोप करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची. आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन बाई निघते. भज्जी, उंडे, खीर, तिळाच्या पोळ्या. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. काकूंच्या शेतात दरवर्षी पन्नासेक पान जेवायचं. भज्जीत कुठली भाजी किती, हरभऱ्याचे कोवळे घाटे कधी टाकायचे, हे सगळं काकू उभ्यानं सांगायच्या.

त्या दिवशी ठोकेदाराच्या मुलानं शेतातून व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी कोप पाहिली, जेवणारी माणसं पाहिली. "भज्जी पातळ झाली," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला तो दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाले, "हिला इथली हवा मानवंना झालीय." तिथल्या दवाखान्यात रक्तदाब, साखर, थायरॉइड सगळं तपासून झालं होतं. काही निघालं नव्हतं.

ती रात्र

जानेवारीत एका रात्री जमीन हलली. हलकासाच धक्का. अंदमान देशातल्या भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहे आणि छोटे धक्के तिथं नवे नाहीत. २६ डिसेंबर २००४ चा मोठा भूकंप आणि त्सुनामी पाहिलेली माणसं अशा धक्क्यानं कूस बदलून पुन्हा झोपतात. मुलगा जागा झाला तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं आणि नातूही जागेवर नव्हता. काकू त्याला चादरीत गुंडाळून दोन जिने उतरून खाली मोकळ्या जागेत बसल्या होत्या. सगळ्यांनी समजावलं, तरी उजाडेपर्यंत वर आल्या नाहीत. नातवाला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

काकूंचं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमून सगळे झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. हजारो माणसं त्याखाली गेली. काकूंची आई आणि धाकटी बहीण त्यातच. नंतर सर्वात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली, काकूंचं माहेरही त्यात हललं. तीस वर्षांत त्यांनी हे सारं मुलाला कधी धड सांगितलं नव्हतं. तो तेव्हा पाळण्यात होता.

त्या रात्रीनंतर काकू घरात झोपेनात. दाराशी चपला घालून बसून राहायच्या. आता घरच्यांना कारण सापडलं. भूकंपाची भीती आहे, आईला परत पाठवू, असं ठरत आलं. मुलानं माझा सल्ला विचारला. मी एकच आग्रह धरला: आधी मला काकूंशी एकटीशी बोलू द्या, खोलीत दुसरं कुणी नको.

पहिल्या बोलण्यात त्या १९९३ बद्दलच बोलल्या, सविस्तर, आणि रडल्या. दुसऱ्या वेळी मी विचारलं की तेव्हाची दुसऱ्या दिवसाची सकाळ कशी होती. त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच लिहून ठेवलं आहे: "तिकडं झालं तवा दुसऱ्या दिवशी मला शंभर कामं होती. चुलते वाचलेले, त्यांची लेकरं वाचलेली, त्यांना खायला घालायचं होतं. रडायलाबी येळ नव्हता. इथं जरासं हललं आन् थांबलं. सकाळी उठून बघते तर मला काहीच काम नव्हतं, बाई."

या वाक्यानंतर मला प्रकरण वेगळं दिसू लागलं. भीती खरी होती, तिला मी जराही कमी लेखत नाही. जुना घाव उघडा पडला होता आणि त्याच्यावर वेगळं काम करणं भाग होतं. पण खचणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, परातीतला गोळा झाकून ठेवला त्या दिवसापासून. गुरुजींची निवृत्ती सगळ्या गावानं पाहिली. तिला तारीख होती, आदेश होता, हार होता, नंतरच्या त्रासाला समजून घेणारी माणसं होती. काकू निवृत्त झाल्या त्या बेटावर. म्हैस विकली तेव्हा, शेत ठोक्यानं दिलं तेव्हा, "आई, तुम्ही बसा" हे रोज प्रेमानं ऐकलं तेव्हा. त्यांचं काम कामात धरलेलंच नव्हतं, म्हणून ते गेल्याचंही कुणाला कळलं नाही. त्यांना स्वतःलाही शब्दांत सांगता येत नव्हतं. मुलगा सांभाळतो, सून जपते, मग तक्रार कशाची करायची?

निवृत्तीनंतर त्रास पुरुषाला होतो आणि बाई नातवंडांत रमते, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं आहे की बाईचं काही बिनसलं तर आधी हवा तपासतात, मग थायरॉइड.

काय केलं

भीतीसाठी साध्या गोष्टींपासून सुरुवात केली. कुठं झोपायचं ते काकूंनी ठरवलं, दाराजवळ. टॉर्च, औषधं, पाण्याची बाटली आणि नातवाचे कपडे घातलेली पिशवी त्यांनीच भरून खुंटीला लावली. धक्का बसला तर कुणी काय करायचं हे त्यांनी सगळ्यांकडून करून घेतलं, नातवाकडून तर दोन-तीनदा. आठवड्यातून दोनदा फोनवर आमचं १९९३ बद्दल बोलणं होत राहिलं. फेब्रुवारी निम्मा सरेपर्यंत त्या आत झोपू लागल्या.

दुसरं काम अवघड होतं, कारण ते मुला-सुनेला करायचं होतं. मी दोघांना म्हटलं, रात्रीचा स्वयंपाक पूर्ण काकूंच्या हाती द्या. त्यात चव, वेळ, पसारा काहीही असो, बोलायचं नाही. आणि बाजाराचे पैसे त्यांच्याकडे द्या. सुनेला हे लागलं. "मी आईंना कामाला लावू?" असं विचारताना तिचा गळा दाटून आला होता. आम्ही दोघी बराच वेळ बोललो. शेवटी ती म्हणाली की तिच्या स्वतःच्या आईला आराम मिळाला नाही म्हणून ती हा आराम सासूला देत होती. काकूंना हे कळलं तेव्हा दोघींमधलं बरंच काही मोकळं झालं. त्या बोलण्यात मी नव्हते.

काकू अॅबरडीन बाजारात जाऊ लागल्या. गुरुजींसारखी शुद्ध हिंदी त्यांना येत नाही, पण आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दखनी वळणाची हिंदी आमच्या बायकांच्या कानात असतेच. भाव करायला तेवढी पुरते. पपई, केळी, ओलं खोबरं स्वस्त मिळतं हे त्यांनी हेरलं. खोबऱ्याची चटणी शेंगदाण्याच्या चटणीच्या वळणानं करून पाहिली आणि ती कॉलनीत फिरली.

आणि मग पाण्याचा प्रश्न आला. बेटावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या मराठवाड्याच्या साधारण चौपट. पण जानेवारी ते एप्रिल फारसा पडत नाही. शहराला पाणी येतं ते मुख्यतः धनीखारी धरणातून, आणि ते खाली गेलं की नळाला पाळी लागते. त्या उन्हाळ्यात कॉलनीत एक दिवसाआड पाणी येऊ लागलं आणि बेटावर नव्यानं बदलून आलेल्या घरांत गोंधळ उडाला. भोवती समुद्र, एरवी एवढा पाऊस, मग पाणी साठवायची सवय लागणार कशी?

काकूंना ही सवय शिकावी लागली नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या आधीचे आणि नंतरचे महिने त्यांनी काढले होते. मांजरा कोरडी, टँकरच्या रांगा, घागरी मोजून दिवस. इथं त्यांनी पहिल्याच दिवशी टाक्या आणि बादल्या मांडल्या. पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला. प्रत्येक भांड्यावर फडकं ताणून बांधलेलं, कारण उघड्या पाण्यात डास आणि मागून ताप. समोरच्या तेलुगू बाईनं पाहिलं, तिनं खालच्या बंगाली बाईला सांगितलं. पाण्याच्या दिवशी कोणी कधी मोटर लावायची यावरून जिन्यात भांडणं व्हायची. काकूंनी मजल्यावार पाळी लावून कागद चिकटवला. तो कागद सुनेनं हिंदीत लिहून दिला. फोनवर मला त्याबद्दल सांगताना काकूंच्या आवाजात जो जोर होता, तो मी कित्येक महिन्यांनी ऐकत होते.

पाडवा, आणि नंतर

इतकं सावरल्यावरही काकूंनी राहायचं नाही असंच ठरवलं. फरक एवढाच की आता त्यांना कोणी पाठवत नव्हतं, त्या स्वतः ठरवून निघत होत्या. ठोक्याची मुदत रब्बीचं रान मोकळं झालं की संपत होती, आणि आपल्याकडे शेतीचं साल पाडव्याला बदलतं. ३० मार्च २०२५ च्या गुढीपाडव्याच्या आत दोघं औशाला परतले. सालगडी ठरवला. दूध डेअरीला घालण्याइतकं होईल अशी म्हैस मात्र लगेच मिळाली नाही, ती पावसाळ्यात आली.

काकूंचं बरं झालं आणि गुरुजींचं बिघडलं. हे मी अपेक्षिलं होतं, घरच्यांनी नाही. बेटावर त्यांना रोज संध्याकाळी विचारणारी पोरं होती. गावात पोरं शाळा सुटली की शिकवणीला जातात, आणि लातूरच्या क्लासेसची एवढी ख्याती असताना निवृत्त गुरुजींकडे फुकट गणित शिकायला कोण येणार? ते पुन्हा ओसरीवर बसू लागले. एकदा काकूंना म्हणाले, "तुझ्यासाठी आलो." काकूंनी उत्तर दिलं, "मी तुमच्यासाठी गेले होते." दोघांनीही हे मला वेगवेगळं सांगितलं. दोघांच्याही बोलण्यात राग नव्हता. हिशोब मात्र तसाच राहिलेला होता.

इथून पुढे मी दोघांना एकत्र बसवून एकच प्रश्न ठेवला: वर्षातले कोणते महिने कुणाला कुठं काम आहे? वही काढली आणि महिने लिहिले. मृगापासून सोयाबीन निघेपर्यंत काकूंना शेत सोडता येत नाही. वेळ अमावस्या सोडायची नाही. फाल्गुनात वाळवणं. गुरुजींची बेटावरची पोरं परीक्षेच्या आधी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यांची वाट पाहतात, आणि पावसाळ्याचे महिने तिथं त्यांच्या गुडघ्यांना सोसत नाहीत. यातून जे निघालं ते दोघांनाही सुरुवातीला अवघड वाटलं: काही महिने वेगवेगळं राहायचं.

आपल्या समाजात साठी ओलांडलेलं जोडपं न भांडता वेगवेगळ्या ठिकाणी राहतं, हे लोकांच्या पचनी पडत नाही. २०२५ ची दिवाळी औशात सगळ्यांनी मिळून केली, गुरुजींनी बँकेत जाऊन यादीवर सही केली आणि एकटे बेटावर गेले. गल्लीतल्या बायकांनी काकूंना विचारलं, "काय झालं गं तुमचं?" काकूंनी खरं ते सांगितलं. काहींचा विश्वास बसला नाही. मुलीलाही ते रुचलं नाही, तिचा अबोला महिनाभर चालला. १९ डिसेंबरला वेळ अमावस्या झाली, पन्नास पान उठलं, भज्जी नीट झाली. जानेवारीत काकू तीन आठवडे बेटावर जाऊन आल्या. या वेळी ज्वारीचं पीठ नेलं नाही. ज्वारी नेली आणि लागेल तसं मिक्सरवर दळून घेतलं. पीठ जरा भरड येतं, पण भाकरी होते.

कायमचं जायचं का असं विचारणाऱ्या जोडप्यांना मी आता आधी सांगते: दिवाळीत किंवा मे महिन्यात जाऊन ठरवू नका. पाहुणे नसलेला, शाळा-कचेरी चालू असलेला एक सबंध महिना राहून या. आणि दोघांनी आपापला दिवस वेगवेगळ्या कागदावर लिहा, एकमेकांना न दाखवता. बायकांचा कागद पुष्कळदा कोरा येतो, "माझं काय, घरचंच" म्हणून. तेव्हा मी त्यांना पहाटे पाचपासून विचारायला लागते. औशातल्या या घरात जे घडलं त्याचं पहिलं लक्षण त्या कोऱ्या कागदात दिसलं असतं. म्हैस विकण्याआधी ते पाहणं शक्य होतं.

एक मोठा प्रश्न अजून उभा आहे. मुलाची ही नेमणूक ठराविक मुदतीची आहे आणि ती या उन्हाळ्यात संपते. पुढची बदली कुठं होईल हे ठरलेलं नाही. गुरुजींनी बेटावर जे उभं केलं ते मुलाच्या क्वार्टरच्या आधारावर, आणि क्वार्टर सुटलं की ते जाईल. परवा ते स्वतःच या विषयावर बोलायला आले होते. गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षकाची एक जागा रिकामी आहे, तिथं शाळेच्या वेळेत रोज दोन तास विनामोबदला गणित घ्यायची परवानगी मागणारा अर्ज त्यांनी लिहून आणला होता. मी तो वाचला, त्यात दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. काकूंनी येत्या सालासाठीही शेत ठोक्यानं दिलेलं नाही.